वाफा भरेपर्यंत

माय, चित्र काढताना मला थांबता येत नाही, आणि ही गोष्ट सांगावी असं तुझ्याशिवाय दुसरं माणूस मला सुचत नाही. तू गेलीस त्याला बरीच वर्षं झाली. मी आता मंगरूळच्या दवाखान्यात नर्स आहे, बाळंतपणं करते. सकाळचा दवाखाना बंद झाला की संध्याकाळी तो उघडेपर्यंत मधला एक तास माझा असतो. त्या तासात मी राहत्या खोलीच्या मागच्या ओसरीवर बसून समोरची टेकडी रंगवते. मामा माझ्याकडेच असतो. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकले आहेत, आणि मोट हाकणं सुटल्यापासून त्याला काही काम नाही. माझ्या तासात त्यानं बोलायचं नाही असा नियम आहे. खोकला आला तर तो भिंत चाचपत पुढच्या अंगणात जातो आणि तिथं खोकतो. पहिल्यांदा हा नियम सांगितला तेव्हा तो म्हणाला, "आन् मले पानी लागलं तं?" मी म्हटलं, "आधीच पिऊन घ्यायचं." तो माझ्या दिशेला तोंड करून हसला. हे उत्तर तो आयुष्यभर तुझ्याकडून ऐकत आला होता.

आपला मळा वाशीमच्या बाहेर, मंगरूळच्या रस्त्याला. बाप मी रांगत असताना गेला, तेव्हा तुझा हा भाऊ मोट हाकायला येऊन राहिला. लावणं, खुरपणं, तोडणं, टोपलं डोक्यावर घेऊन बाजारात बसणं हे तुझं, आणि पाणी माझं. पाटानं पाणी आलं की एक वाफा भरू द्यायचा, तो भरला की त्याचं तोंड मातीनं बुजवून पुढच्याचं उघडायचं. यात कठीण काही नाही. पण जागा सोडून कुठं जाता येत नाही, आणि पाणी वाफ्याच्या टोकाला पोचेपर्यंत हाताला काम नसतं. त्या वेळावर कुणाचा हक्क आहे असं मला वाटलं नाही, म्हणून मी तो घेतला. आधी कोळशानं थारोळ्याच्या दगडावर टेकडी काढायची. मोट वर येऊन पाणी थारोळ्यात पडलं की टेकडी धुऊन जायची, मी पुन्हा काढायची. तू वांग्यांच्या ओळीतून बघत होतीस, हे मला माहीत होतं.

एका वर्षी मंगरूळच्या उरुसात तू भाजी घेऊन गेलीस. परत आल्यावर रिकामं टोपलं उतरवलंस आणि पत्र्याचा एक रंगांचा डबा माझ्या अंगावर फेकलास. दिलास असं मी म्हणणार नाही, कारण तो माझ्या गुडघ्याला लागला आणि तिथं निळं झालं. "घे," तू म्हणालीस, "दगडं काळे करनं बंद कर. बैलं बुजतात." बैल कधीच बुजले नव्हते. मग तू पुढं म्हणालीस, "वाफा भरेपरेंत येळ तुहा. भरला का माहा. समजलं का व?" इतका स्वच्छ करार माझ्याशी नंतर कुणी केला नाही. नोकरी देणाऱ्यांनीही नाही.

त्या डब्यातला हिरवा पोपटासारखा होता. त्यात कणभर तांबडा घातला की तो मरतो आणि खरा दिसतो, हे माझं मला सापडलं. कागदावर आभाळ एकदाच द्यावं लागतं, वरून खाली, हात न उचलता. ते फार ओलं असताना टेकडी लावली तर टेकडी आभाळात पळते, पुरतं वाळल्यावर लावली तर तिची कड सुरीसारखी उभी राहते. मधली एक वेळ असते. आपल्याकडच्या उन्हात ती येते आणि जाते. मी नेमकी त्या वेळेची वाट पाहत असायची आणि तू मळ्याच्या दुसऱ्या टोकावरून ओरडायचीस, "ओ चितारीनबाई! पानी कोठी चाल्लं? तुह्या टेकडीले वांगे लागनार हायेत का?" मोटेच्या धावेवर बैल थांबायचे. रस्त्यानं जाणारी गाडी थांबायची. गाडीवान हसायचा आणि तू त्यालाही सुनवायचीस, "तू कायले हासतं रे? तुह्या घरी नाई का पोट्ट्या?" मी कुंचला टाकून फावडं घ्यायची. चित्र तिथंच संपायचं.

एकदाच मी तुला चित्र दाखवलं, टेकडी आणि तिच्यापुढं आपले वाफे. तू चुलीपुढं ज्वारीची भाकर थापत होतीस. पिठाचा हात तसाच, तू कागदाचा कोपरा धरलास, उजेडाकडं केलास आणि विचारलंस, "ह्याच्यात मानूस कोठी हाय?" मी म्हटलं, "शाळेतल्या बाई म्हनतात, अशा चित्रात मानूस लागत नाई." तू म्हणालीस, "मंग हे वाफे कोनं केले? तुह्या बाईनं?" आणि तव्यावरची भाकर उलटवलीस. आभाळावर पिठाचा अंगठा उमटला होता, तो झटकल्यावर गेला. मी त्यानंतरही चित्रात माणूस काढला नाही, आजही काढत नाही. दिवसभर माणसं माझ्या हातांत ओरडतात, रडतात, जन्मतात, कधी मरतात. त्या एका तासात मला कुणी नको असतं. तुला हे तेव्हा सांगता आलं नसतं, आणि सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, "मले तं चोवीस तास कोनी नको, मंग काय मरू का?"

मग कांद्याच्या रोपांचं झालं. दिवाळीनंतर तू बी टाकलं होतंस, बारीक माती वरून चाळून, पायाचा ठसा उमटणार नाही अशा बेतानं. अशा वाफ्याला पाणी फडक्यानं पुसावं तसं द्यायचं असतं. त्या दिवशी तू केनवडच्या बाजाराला गेली होतीस, म्हणजे हाक मारणारं कुणी नव्हतं. मामा मोटेवर होता, तिथून वाफे दिसत नाहीत. मी टेकडी लावली, मग टेकडीपुढचा पळस लावला, मग पळसाखालची सावली. वर पाहिलं तेव्हा वाफा तळ्यासारखा भरून वाहत होता आणि सगळं बी पाण्यावर तरंगत खालच्या कोपऱ्याला निघालं होतं. मी तोंड बुजवलं. त्यानं काय होणार? काही दिवसांनी त्या कोपऱ्यात केसांसारखं दाट रोप आलं आणि बाकीचा वाफा उघडा राहिला. तू मारलं नाहीस. मी मार खाण्याच्या तयारीनं उभी होते आणि तू मला उभीच ठेवलीस. वाफा मोडून पुन्हा बी टाकता आलं असतं. मामानं तसं म्हटलंही. तू म्हणालीस, "राहू दे. शोभा हाय." जो मळ्यात येईल त्याला तू तिथं नेऊन दाखवायचीस. शेजारणीला, व्यापाऱ्याला, जकातीच्या शिपायाला सुद्धा. "हे पाहा माह्या पोट्टीनं काढलेलं चित्र. मानूस नाई त्याच्यात, बरोबर काढलं."

त्याच थंडीत केनवडची माणसं मला पाहायला आली. बागाईतदार घर, मुलगा चांगला होता असं म्हणतात. मी पाहिला नाही, कारण मान वर करायची नव्हती. गुळाचा चहा झाल्यावर मुलाच्या बापानं विचारलं, "पोरगी कामाची हाय ना बाई?" तू लुगडं सावरून उठलीस. "चाला, दाखवतो." मला वाटलं, आज तरी नाही. तू त्या सगळ्यांना, मलाही मागून, त्या वाफ्यापाशी नेलंस. "हे तिचं काम. म्या बी टाकलं, हिनं चितारलं. सारं एका कोपऱ्यात. तुमच्या मळ्यात कोपरे किती हायेत, पाटील?" म्हातारा आधी हसला. मग त्यानं वाफ्याकडं नीट पाहिलं, शेतकऱ्याच्या डोळ्यानं, आणि त्याचं हसणं गेलं. त्याच्या बायकोनं मला विचारलं, "काहून व, झोपली होती का?" मी उत्तर देण्याआधी तूच बोललीस, "झोपली असती तं उठवलं असतं. हे जागी राहून करते." ते संध्याकाळ व्हायच्या आत गाडी जोडून गेले आणि पुन्हा निरोप आला नाही.

मामा आता म्हणतो की तू ते मुद्दाम केलंस, मला त्या घरी द्यायचं नव्हतं म्हणून. माणूस मेलं की त्याच्याबद्दल अशा गोष्टी सांगतात. मी तिथं होते. तुझ्या चेहऱ्यावर युक्ती नव्हती. तुला हसायचं होतं आणि तू हसलीस. लग्न मोडल्यावर तू मला सांगितलंस, "मळ्यात तू नको. दवाखान्यातली बाई म्हनते, नागपूरले बायांच्या बाळंतपनाचं शिकवतात. जाय. तिथं वाफे नाईत." मी गेले. तिथं मला हात कसे धुवायचे, नाडी कशी धरायची, आणि बाळ आपण होऊन येत असताना हात कधी आवरायचा ते शिकवलं. मी चांगली शिकले. कुणाच्या दयेनं नव्हे आणि तुझ्या आशीर्वादानंही नव्हे, कारण तू तो दिला नव्हतास. "डबा नेतं का?" एवढं विचारलं होतंस. मी नेला.

तू तापानं गेलीस तेव्हा मी नागपूरलाच होते. पोचले तोवर अस्थी गोळा करून झाल्या होत्या. लोकांच्या आया मुलांच्या वस्तू लपवून जपतात असं वॉर्डातल्या मुली सांगत असत. मीही शोधलं. पेटी पाहिली, उतरंडीची मडकी एकेक उतरवली, छपराच्या वाशांत हात घातला. मागं ठेवून गेलेल्या माझ्या चित्रांपैकी एकही तू ठेवलं नव्हतंस. शेवटी मामाला विचारलं. तो म्हणाला, "थे कागद? जाड होते ना. आक्कानं मेथीच्या बियाच्या पुड्या बांधल्या. बाजारात लोकाईले लई आवडल्या." म्हणजे माझी टेकडी वाशीमच्या घराघरांत गेली आणि चुलीत जळली. त्या दिवशी मी रडले नाही. तू मला खोटं काही दिलं नव्हतंस, म्हणून परत घेण्यासारखंही काही नव्हतं.

आता तो एक तास मी कसा राखते ते ऐक, तुला आवडेल. डॉक्टरसाहेबांच्या बायकोनं दुपारी विणकामाला बोलावलं तर जात नाही. शेजारीण पोर सोडून जाऊ पाहते तेव्हा दार उघडत नाही. बाळंतिणीचं बोलावणं आलं तर जाते, तेवढंच. माझ्याशी लग्न करू म्हणणाऱ्या एका मास्तरांनी दुपारी झोपायची सवय सांगितली आणि जेवण गरम लागतं असंही सांगितलं. मी त्यांना चहा दिला आणि नको म्हणून सांगितलं. लोक मला शिष्ट म्हणतात. एवढं सगळं करून तास माझा झाला, पुरता, सलग, कुणाची हाक न येणारा. आणि त्या तासात मी चित्रं बिघडवते. आभाळ एकदा देऊन थांबायचं असतं हे मला माहीत आहे, तरी दुसरा हात देते. टेकडी लागलेली असते, तिच्यावर पुन्हा कुंचला फिरवते, सावलीत आणखी निळा घालते. लढाईमुळे विलायतेहून चांगला रंग येत नाही आणि मी तो चिखल करण्यात घालवते. मळ्यातली चित्रं अर्धी राहायची. ती चांगली होती. ती का चांगली होती हे कळायला मला फार वर्षं लागली, आणि कळलं तेव्हा मला तुझा राग आला.

गेल्या आठवड्यात मी नियम बदलला. मामाला म्हटलं, मी बसले की थोड्या वेळानं मला हाक मार, जोरात. तो घाबरला. "काय म्हनून मारू?" मी म्हटलं, "माय मारायची तशी. शिवी दिलीस तरी चालेल." तो म्हणाला, "तुले? नर्सबाईले?" बराच वेळ तो खाटेवर शिवी आठवत बसला. शेवटी हळूच म्हणाला, "बाई, च्या ठेवू का?" तोपर्यंत आभाळ गढूळ झालं होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा प्रयत्न केला आणि मध्येच त्याला खोकला आला. सवयीनं तो उठून अंगणात गेला.

हे तुला वाचता आलं नसतं. तू असतीस तर मला वाचून दाखवावं लागलं असतं, आणि ते मी केलं नसतं. तेव्हा हे इथंच राहील. पण आज दुपारचं सांगते. टेकडी लागली होती, कड जशी हवी तशी मऊ आली होती, आणि माझा हात पुन्हा पाण्याकडं गेला. मी स्वतःच ओरडले. तुझ्या शब्दांत, तुझ्या आवाजात, मळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईल असं. हात थांबला. आतून खाट वाजली आणि मामा म्हणाला, "हो व आक्का, थांबवतो बैलं." तो उठून उभा राहिला होता, चपला शोधत होता, आणि त्याचा चेहरा मी बऱ्याच दिवसांत तसा पाहिला नव्हता. मी त्याला लगेच सांगितलं नाही.