टेबलाकडे पाठ करून

४ मार्च

ती. वहिनी,
सा. न. वि. वि.

यंदा आपल्या पशुवैद्यांच्या संमेलनात भाषणं बंद! गेल्या वर्षी निम्मं सभागृह घोरत होतं. आता छोटी टेबलं मांडायची. एकानं आपला न सुटलेला रुग्ण मांडायचा आणि खुर्ची फिरवून टेबलाकडे पाठ करून बसायचं. बाकीचे चर्चा करतील, त्यानं नुसतं ऐकायचं, मध्ये अवाक्षर काढायचं नाही. पहिल्या टेबलासाठी मी तुमचं नाव दिलंय. दादा फोनवर म्हणाला, ही वीस मिनिटं गप्प बसणार असेल तर मी तिकीट काढून बघायला येतो.

रागवा, पण माया पातळ करू नका.
तुमची धाकटी नणंद

९ मार्च

चि. धाकटे,
अ. उ. आ.

रागावलेच आहे. सगळ्यांसमोर मला जमलं नाही म्हणायचं, म्हणजे काय गंमत आहे? तरी येते, समोरच्या शिंप्याच्या कुत्रीसाठी. अधूनमधून ती अंग टाकते, खाणं सोडते. सलाईन लावलं की उड्या मारते आणि काही आठवड्यांनी पुन्हा तेच. तपासण्यांत काही सापडत नाही. काल शिंपी म्हणाला, डॉक्टरबाई, हाल बघवत नाहीत, आता सोडवा तिला. संमेलनापर्यंत थांब म्हणून त्याला कसंबसं राजी केलंय.

तुझ्या दादाशी मी बोलत नाही. तो मजेत आहे.

आहे तसाच जीव लाव,
वहिनी

२ एप्रिल

चि. धाकटे,
अ. उ. आ.

संमेलनात तू धावतपळत भेटलीस, म्हणून सविस्तर लिहिते. पाठ करून बसले आणि जीव नुसता कासावीस झाला. मागे दोघं भलत्याच वाटेला लागले होते; मी जीभ चावून गप्प. मग एक बाई म्हणाली, दर वेळी सलाईननं बरी होते, हेच लक्षण नसेल कशावरून? मी तर ते उपचार म्हणून सांगितलं होतं! कुणीतरी विचारलं, घरात गडबड झाली की पडते का? शिंप्याकडचे पाहुणे, त्याचं परगावी जाणं, सगळं झरझर आठवलं. मूत्रपिंडाजवळच्या त्या इवल्या ग्रंथी! ताण झेलायला लागणारा त्यांचा रस कमी पडला की जनावर असंच अंग टाकतं. रक्तातले क्षार ठीक निघाले म्हणून मी तो विचारच सोडला होता.

परतल्यावर खास तपासणी केली. तेच निघालं. आता जन्मभर रोज गोळी, असं सांगितलं, तर शिंपी म्हणाला, जन्मभर म्हणजे जगणार ना?

काल पुन्हा तपासणीसाठी रक्त घ्यायला गेले. इतके दिवस मुकाट टोचून घेणारी ती माझ्यावर दात विचकून भुंकली. शिंपी तिला दटावायला उठला आणि हसता हसता शिलाई मशीनवर डोकं टेकून रडायलाच लागला.

तुझ्यावर खूश असलेली,
वहिनी