टॉर्चच्या उजेडात पाहिलेली पोरगी

अड्याळ,
दि. १२ जानेवारी २०२५

सिनेमा अर्धवट टाकून पोरगी उठते अन् म्हातारीले पाहुण्यांच्या मधात सोडून जाते, असं आपल्या घराण्यात कोणी केलं नव्हतं. तिकीट तू काढलं, हात धरून मले आत तू नेलं, अन् बसस्टँडपर्यंत मी कोणासंग आली? बपेऱ्याच्या त्या परक्या पोरासंग. आता घे आशीर्वाद.

चि. मोनास आजी देवकाबाईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे सारे खुशाल. फोन लावला का तू कापते, म्हणून ही चिठ्ठी. तिसरीतून घरी बसलेल्या बाईचं अक्षर आहे. काना-मात्रा कमी पडला तर तुझ्या पदरचा लाव.

मले सांग, एवढं रागावायले झालं काय? दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरते, पाहुणे येतात, रातभर नाटक पाहतात अन् नाटकासंग घरची पोरगीही पाहून घेतात. तुझ्या आईले आम्ही तसंच पाहिलं होतं. तुझा बाप ताराचंद म्हणाला, मोना तुले भंडाऱ्याले सिनेमा दाखवून राहिली, तर बपेऱ्याच्या शकुंतलाबाईले अन् तिच्या योगेंद्रले तिथंच बोलावू; पोरीले आधी सांगू नको, नाही तर ती येणार नाही. मी म्हटलं, बरं आहे, चहा-पोह्याची खटपट वाचली.

पण थेटरात दिवेच मालवतात हे मले का माहीत! नाटकाच्या मंडपात माणसाले माणूस दिसते, कोण कोणाच्या बाजूले बसलं ते गावभर कळते. इथं डोळ्यात बोट घातलं तरी दिसेना. शकुंतलाबाई बिचारी पार बपेऱ्याहून आलेली, तिले पोरगी दिसत नाही, तर तिनं मोबाईलचा टॉर्च तुझ्या तोंडावर मारला. मागचे लोक कावले, तू उठली अन् चालली. ती पाहायलेच आली होती ना, पोरी?

त्यांचा निरोप आला. रंग उजळ आहे, पसंत आहे म्हणतात. टॉर्चमध्ये तर म्हैसही गोरी दिसते, पण ते मी बोलली नाही. तुझा बाप होळीच्या आधी साक्षगंध करू, अंगठी घालून मोकळं होऊ म्हणते. कॉलेजचं विचारलं तर म्हणते, शिकणं काय, सासरीही होते.

रागात जेवण सोडू नको. राग खुशाल कर, पण माया तिच्या जागी राहू दे.

तुझी आजी


भंडारा,
दि. १७ जानेवारी २०२५

ती. आजीस मोनाचा शि. सा. न. वि. वि.

तुझी चिठ्ठी मिळाली. काना-मात्रा सगळे जागेवर होते, अक्कल तेवढी इकडेतिकडे होती. रागावू नको, हे मी तुझ्याकडूनच शिकली.

फोनवर मी बोलत नाही, कारण तुझा फोन स्पीकरवर असतो आणि बाबा बाजूलाच बसलेले असतात. म्हणून मीही लिहिते.

आठवते का, उन्हाळ्यात तू लाखोळीची डाळ पाखडत होतीस आणि मी तुला ते इंग्रजी पुस्तक मराठीत करून सांगत होती? त्या शहरात सोळा वर्षं झाली की माणसाला कोणाला काही विचारायची बंदी. आयुष्यभर फक्त सांगितलेलं करायचं आणि विचारलं तर उत्तर द्यायचं. वाढदिवशी पोराला चौकात ओट्यावर उभं करतात, शेवटचा एक प्रश्न विचारू देतात, मग गळ्यात पट्टा. गोष्टीतली पोरगी ओट्यापर्यंत आली तेव्हा तूच सूप ठेवून म्हणालीस, की ती काय विचारते ते आता सांगू नको, सिनेमा निघाला तर तिथंच पाहू. मी जीभ आवरून ठेवली. सिनेमा हिंदीत आला तशी तुला घेऊन गेली. मला पडद्याकडे नाही, त्या वेळी तुझ्या तोंडाकडे पाहायचं होतं.

ती पोरगी ओट्यावर चढली आणि माझ्याच तोंडावर टॉर्च आला. मग मला बसवलं नाही.

योगेंद्रवर माझा राग नाही. तो त्याच्या आईला टॉर्च बंद कर म्हणून हळूच सांगत होता, ते मी ऐकलं. पण तुझ्या चिठ्ठीत पाहुण्यांना काय दिसलं ते आहे, बाबा काय म्हणतात ते आहे. मला बी.एस्सी. संपवून नागपूरला एम.एस्सी. करायची आहे, ते कुठेच नाही. कसं असेल? घरात मला कोणी विचारलंच नाही. साक्षगंधाचं मला चिठ्ठीतून कळलं, आजी.

सिनेमाचा शेवट पुस्तकासारखाच केला का? शेवटपर्यंत जागी होतीस, की शकुंतलाबाईंसोबत घोरलीस?

गुडघ्याला तेल लाव. रागावलेल्या नातीवरही लोभ ठेव.

तुझी मोना


अड्याळ,
दि. २३ जानेवारी २०२५

चि. मोनास अनेक आशीर्वाद. वि. वि.

घोरली ती शकुंतलाबाई. पहाटेपर्यंत नाटक पाहणारी बाई मी, दोन घंट्याच्या सिनेमाले झोपते का? शेवट ऐक. तुझ्या पुस्तकात काय आहे ते तू जाणे. ती काडीसारखी पोरगी ओट्यावर उभी राहते. त्या शहरात कोणी जेवताना दिसतच नाही, तर अंगावर मास कुठून येईल? मले वाटलं, आता ती त्या शहराच्या राज्यकर्त्याले झाडते. पण तिनं गर्दीत मायले हुडकलं अन् विचारलं, की आई, तू ओट्यावर चढली तेव्हा काय विचारलं होतं? माय काही विचारू शकत नाही, पण उत्तर तर देऊ शकते. ती म्हणाली, मी भ्याली होती, किती वाजले एवढंच विचारलं.

थेटरात बाया रडल्या. मी नाही रडली. योगेंद्र रडला. नाक पुसून मले समोसा देत होता.

तुझी चिठ्ठी मी जेवतानाच तुझ्या बापाले वाचून दाखवली. अक्कलवालं वाक्यही वाचलं, तुझी आई तोंडाले पदर लावून हसली. मग मी विचारलं, ताराचंद, पोरीले तू विचारलं का? तो म्हणते, त्यात विचारायचं काय? मी म्हटलं, बैल घेताना तू दात पाहते, शेपूट पाहते, मालकाले दहा गोष्टी विचारते. पोरगी देताना तुझं तोंड शिवलं का? ताट सोडून उठला. पाराकडे गेला, भूक लागली तसा परत आला. मी ताट झाकून ठेवलं होतं, पण वाढलं नाही. आपल्या हातानं घेतलं.

शकुंतलाबाईले फोन केला. सांगितलं, की बाई, टॉर्चचं पाहणं आमच्यात धरत नाही. पोरीचं शिकणं चालू आहे. तिनं स्वतः बोलावलं तर दिवसाउजेडी या, नाही बोलावलं तर दुसरं घर पाहा. ती फणफणली. पोरानं फोन घेऊन माफी मागितली, अन् सिनेमाचा दुसरा भाग येते का ते विचारलं. पोरगा वाईट नाही. पण वाईट नाही म्हणून त्याच्यासंग साक्षगंध करायचं, असा कुठं कायदा नाही.

तुझा बाप अजून माझ्यासंग सरळ बोलत नाही. नागपूर म्हटलं का तो चपला घालून बाहेर निघते. होळीची गोष्ट त्यानं सोडलेली नाही, फक्त बोलणं बंद केलं आहे. म्हणून सांगते, काम अर्धंच झालं आहे.

ह्या पाकिटात त्याचा कागद आहे. सारी दुपार पेन चावत बसला तेव्हा एक ओळ निघाली. तुले काय पाहिजे ते विचारलं आहे. शब्द त्याचेच आहेत, मी फक्त दाराशी बसून होती, उठू दिलं नाही.

गुडघ्याले तेल लावते. माझा लोभ आहे तो आहे, तो मागायची गरज नाही. आता उत्तराचं. मले लिहू नको. आईले मधात घालू नको, आजी तूच सांग असंही म्हणू नको. बापाच्या नावानं पाकीट टाक अन् तू स्वतः उत्तर दे. त्यात ‘तुम्ही म्हणाल तसं’ एवढी एक ओळ जरी दिसली, तर चिठ्ठी चुलीत घालीन अन् तुले दुसरी लिहायले लावीन.

आजी