रक्तातला राखणदार

बाबांना पुण्याहून किशोरीचा नमस्कार.

तुम्ही विचारलंत, "लॅबात रक्तात बघतंस तरी काय गो?" आपल्या शेताला असतो तसा शरीरालाही राखणदार असतो. व्हायरस छातीत उतरला की तो हाळी देतो. ती हाळी केवढी, ते आम्ही रक्तात मोजतो. फारच खवळला तर तो आपलंच शेत तुडवतो.

तुलनेला निरोगी रक्त लागतं, म्हणून मी माझं दिलं. ते निरोग्यांत बसलं नाही. थोडा खोकला आहे, सुट्टी मिळालीय. धावत येऊ नका.

आईचे गुडघे कसे आहेत?

यंदा शेतात राखणदाराला कोंबडा-नारळाची राखण द्याल तेव्हा गाऱ्हाण्यात माझं नाव घ्या. म्हणा, "महाराजा, जागो रव, पण खवळू नको."

तुमची,
किशोरी