तानुबाईंचा टीव्ही सरकारी संगणकांच्या यादीतून कमी करण्याबाबत

प्रति,
मा. भांडार पर्यवेक्षक साहेब,
ग्राम छंद केंद्र योजना,
तालुका कक्ष.

अर्जदार : सौ. प्रेरणा शिवम टेकाळे, केंद्रचालिका, ग्राम छंद केंद्र,
मु. पो. पिंपळगाव राजा, जि. बुलडाणा.

विषय : संगणक म्हणून लहान बोर्ड का निवडला याचा खुलासा, तसेच माझ्या सासूबाईंचा घरगुती टीव्ही येत्या सोमवारी जमा करून न घेणेबाबत.

संदर्भ : १) 'पाय' खरेदीबाबत आपले पत्र. २) श्री. वामनराव यांनी केलेली पडताळणी. ३) सरकारी संगणकावर मालिका पाहिल्याबद्दलची नोटीस.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय लिहिते की, आज दुपारी घरात सामसूम असताना लाईट आली आणि बटण चालू राहून गेलेला मिक्सर स्वयंपाकघरात रिकामाच घुर्रर्र करून उठला. त्या आवाजाने माझी मुलगी मैथिली (वय वर्षे पाच) जागी झाली. तोवर या अर्जाचे फक्त 'प्रति' लिहून झाले होते. सबब हा अर्ज मिळेल त्या वेळी, तुकड्यातुकड्यांनी लिहिला आहे. कागदावर कुठे हळदीचे बोट दिसल्यास ते अर्जाचा भाग समजू नये.

१. आमचे छंद केंद्र म्हणजे आमच्या घराची ओसरी. गावातली मुलं दुपारी येतात, चपला उंबऱ्यात सोडून सतरंजीवर बसतात. योजनेतून केंद्राला 'संगणक संच' मंजूर झाला, तेव्हा खरेदीची जबाबदारी माझ्यावर आली, कारण लग्नाआधी मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला आहे. मोठा संच घेतला असता तर तो ठेवायला ओसरीत जागा नव्हती, आणि तो बंद पडला असता तर उघडून पाहायची मुलांना परवानगी नव्हती. छंदासाठी घेतलेली वस्तू उघडता आली पाहिजे, असे माझे प्रामाणिक मत झाले. म्हणून एकाच पाटीवर सगळा संगणक बसवलेला लहान बोर्ड घ्यायचे ठरवले.

२. निवड सहज केली, असा आपला समज झाल्याचे पत्रावरून दिसते. साहेब, माझ्या लग्नात मुलगा पसंत करायला याच्या निम्माही विचार झाला नव्हता. (यजमानांनी हे वाक्य वाचले आहे. त्यांची हरकत नाही.)

पहिला बोर्ड अगदीच स्वस्त होता. तो दिवे लावतो, विझवतो, छोटी मोटार फिरवतो. पण त्याला पडदा जोडता येत नाही, आणि पडद्यावर काही दिसल्याशिवाय संगणक आला असे मुलांना वाटत नाही. दुसरा बोटाएवढा. किंमत पाहून मी हरखले. पण कीबोर्डला एक जोडणी वेगळी, पडद्याला दुसरी, जुन्या टीव्हीच्या पिवळ्या वायरीसाठी तर डाग देऊन तार जोडायची. या सगळ्या जोडण्या धरल्या की त्याची स्वस्ताई तिथेच संपत होती. तिसरा कुठल्याशा नव्या बनावटीचा, त्याच भावात दुप्पट मेमरी देणारा. त्यावर माझे मन बसलेच होते. मग मी मोबाईलवर शोधून पाहिले की हा बोर्ड अडला तर काय करायचे. माझ्यासारखाच अडलेला जगात एक माणूस सापडला, आणि त्यालाही कोणी उत्तर दिलेले नव्हते. मला काम करायला मिळते ते मैथिली झोपलेली असते तेवढ्यापुरते. ज्याच्या अडचणी आधीच हजारो लोकांनी भोगून, सोडवून, लिहून ठेवल्या आहेत असाच बोर्ड मला परवडणार होता.

असा बोर्ड म्हणजे रास्पबेरी पाय. तोही मागच्या पिढीचा, थोडा हळू चालणारा. त्याला कॅमेरा जोडायची जागा आहे; छोटा कॅमेराही त्याच्यासोबतच मिळाला. आणि मुख्य म्हणजे त्यातून पिवळ्या पिनेच्या जुन्या वायरीने चित्र बाहेर येते. आमच्या घरचा टीव्ही डब्याचा आहे. नव्या बोर्डांची वायर ज्या चपट्या भोकात बसते ते भोक त्याला नाही, पिवळे आहे. वेगळा पडदा घ्यायचा तर तो बोर्डाहून महाग. सासूबाई तानुबाई यांनी स्वतःचा टीव्ही दुपारपुरता द्यायचे कबूल केले. वायर इथले टीव्ही दुरुस्त करणारे बद्रुद्दीनभाई यांनी दिली. चांगला अडॅप्टर तेवढा वेगळा घेतला, कारण मोबाईलच्या चार्जरवर बोर्ड चालतो खरा, पण सारखे पडद्याच्या कोपऱ्यात विजेचे चिन्ह दाखवून कण्हत राहतो. लाईटीचा आमच्याकडे भरवसा नसल्याने मेमरी कार्डाची एक नक्कलही काढून ठेवली. बोर्ड साबणाच्या डबीत बसवला. उरलेले पैसे कक्षाकडे परत भरले. त्यावर 'पैसे का उरले' याचा खुलासा मागवण्यात आला होता, तो मी त्याच वेळी दिला आहे.

३. यानंतर संदर्भ क्र. १ चे पत्र आले. त्यात असे म्हटले आहे की, 'देयकात फक्त पाय खरेदी केल्याचे दिसते. संगणकाचे उर्वरित अवयव कोठे आहेत याचा खुलासा करावा.' साहेब, पाय हे त्याचे नाव आहे. त्याला उर्वरित काही नाही. तो एवढाच असतो.

४. छंदाचा उद्देश या रकान्यात मी 'लहान वस्तू मोठ्या करून पाहणे' असे लिहिले होते. कॅमेऱ्याचे भिंग थोडे फिरवले की त्याला जवळचे दिसू लागते. मुलांनी मुंगी पाहिली, मिठाचा खडा पाहिला, मैथिलीने स्वतःचे नख पाहिले आणि लगेच हात धुऊन आली. गेल्या वर्षीचा कापसाचा हंगाम कसा होता हे आपणास ठाऊक आहे. गावात बोंडअळीशिवाय बोलायला दुसरे काही नव्हते. बीटीला अळी लागत नाही म्हणून पेरलेला कापूस आतून पोखरून गेला होता. त्यामुळे एका पोराने खिशातून बोंड काढले, फोडले, आणि कॅमेऱ्याखाली ठेवले.

टीव्हीभर गुलाबी अळी आली. मुलं मागे सरकली. तेवढ्यात माझे सासरे श्री. कडूबा शेतातून आले. त्यांनी खांद्यावरचा रुमालही काढला नाही, तसेच टीव्हीसमोर बसले. पोरं गडबड करू लागली तेव्हा म्हणाले, "थांबा बे. हलवू नोका तिले. मले पाहू द्या." पडद्याजवळ तोंड नेऊन म्हणाले, "आख्खं वावर खाल्लं इनं, अन् मी आजच पाहून राह्यलो इचं तोंड." मग उठून हातपाय धुवायला गेले. त्या दिवशी ते पोटभर जेवले, हे मी वाढणारी असल्यामुळे खात्रीने सांगू शकते. आधीचे बरेच दिवस ते जेवत नव्हते. हा छंदाचा लाभ म्हणून कोणत्या रकान्यात लिहावा हे न समजल्याने मी अहवालात लिहिलेला नाही.

५. आता पडताळणीविषयी. श्री. वामनराव पांढऱ्या ऑईलपेंटचा डबा आणि ब्रश घेऊन आले, कारण सरकारी प्रत्येक वस्तूवर साठा क्रमांक रंगवावा लागतो. माणूस अत्यंत सज्जन आहे, त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. मी साबणाची डबी उघडून त्यांच्या तळहातावर ठेवली. ते म्हणाले, "ताई, मजाक नोका करू. संगणक कुठी हाय थे दाखवा, मले अजून चार गावं कराचे हायेत." मी म्हणाले, हाच संगणक. त्यांनी ब्रशकडे पाहिले, बोर्डाकडे पाहिले. क्रमांक लांबलचक, ब्रश दोन बोटं रुंद. "याच्यावर मी लिवू कुठी? अन् लिवलं त हे जिवंत राहीन का?" त्यांचा प्रश्न रास्त होता. मी त्यांना चहा टाकायला आत गेले. परत आले तेव्हा टीव्हीवर मुलांनी साठवून ठेवलेली अळी चालू होती, आणि टीव्हीच्या वरच्या बाजूला ठळक, सुबक अक्षरांत साठा क्रमांक लिहून झाला होता. "हा दिसते संगणकासारखा," असे म्हणून ते चहा पिऊन, मैथिलीच्या डोक्यावरून हात फिरवून पुढच्या गावी गेले.

अशा रीतीने सासूबाईंचा टीव्ही आपल्या नोंदीत 'संगणक (मोठा), नग एक' झाला. साबणाच्या डबीतला बोर्ड 'तार, पिना व इतर' या सदरात गेला.

६. सासूबाई माळव्याला पाणी देऊन परत आल्या आणि त्यांनी टीव्ही पाहिला. त्यांचे उद्गार जसेच्या तसे देते, कारण त्यांची तीच इच्छा आहे. "काऊन वं प्रेरणा, माह्या टीव्हीवर नंबर काऊन टाकला? बकरीचा कान हाय का हा?" हा टीव्ही बीटी नवी आली तेव्हाच्या पहिल्या भरघोस कापसात त्यांनी हट्टाने घेतलेला आहे. घरात त्यांच्या नावावर तेवढीच एक वस्तू आहे. रॉकेलने पुसायला त्या त्याच वेळी निघाल्या होत्या, पण सरकारी क्रमांक पुसणे गुन्हा ठरेल म्हणून मीच त्यांचा हात धरला. आता त्या म्हणतात, "सरकारचा हाय न टीव्ही? मंग लाईटीचं बिलबी सरकारनं भराव." ते बिल मी या अर्जाला जोडलेले नाही.

७. प्रकरण इथे थांबले असते. परंतु गेल्या महिन्यात संध्याकाळच्या वेळी कक्षाचे तपासणी पथक अचानक आले. सासूबाई नेहमीप्रमाणे लसूण सोलत मालिका पाहत होत्या. पथकाने क्रमांक पाहिला, मालिका पाहिली, आणि 'शासकीय संगणकाचा वापर कौटुंबिक मालिका पाहण्यासाठी होत असल्याचे आढळले' असा शेरा मारला. पथकातील ताईंनी पुढच्या भागाची जाहिरात संपेपर्यंत थांबून मगच शेरा मारला, हे नम्रपणे नमूद करते. त्यावरून नोटीस आली की, संगणक येत्या सोमवारी येणाऱ्या कक्षाच्या गाडीत जमा करावा आणि केंद्र बंद समजावे.

दरम्यान 'तार, पिना व इतर' हे सदर वापरून संपणाऱ्या वस्तूंचे असल्यामुळे मार्चअखेर तो बोर्ड कागदोपत्री संपलेला आहे. म्हणजे, महोदय, जो संगणक नाही तो सरकारचा झाला, आणि जो संगणक आहे तो अस्तित्वातच नाही. मी रोज दुपारी मुलांना घेऊन जे चालू करते, ज्याचा बारीक लाल दिवा लागला की मैथिली त्याला "उठला वं" म्हणते, ते नेमके काय आहे हे आता कक्षानेच सांगावे.

८. सोमवारी टीव्ही गेला तर काय होईल ते थोडक्यात लिहिते. मुलांना पडदा राहणार नाही, केंद्र बंद होईल. सासूबाई माझ्याशी बोलत नाहीतच; मग मैथिलीला दुपारी मांडीवर घेणेही बंद करतील, असे त्यांनी शेजारच्या बनाबाईंमार्फत कळवले आहे. ("तिले म्हणा, पोरगी बी नंबर टाकून सरकारले दे.") ती मांडी आहे म्हणून मला दिवसाचे तास-दोन तास मिळतात. त्याच वेळात मी बोर्ड निवडला, त्याच वेळात शिकले, आणि मला काही येते हे मला पुन्हा त्याच वेळात आठवले. साहेब, मला टीव्हीचे एवढे नाही. मला त्या तासांचे आहे.

सबब विनंती की, टीव्ही आपल्या नोंदीतून वगळावा. संगणक म्हणून त्या बोर्डाची नोंद घ्यावी, आणि त्याला पुन्हा जिवंत समजावे. साठा क्रमांक साबणाच्या डबीच्या झाकणावर लिहिण्याची परवानगी मिळावी. तिथे बारीक अक्षरात तो बसतो, मी पेन्सिलने लिहून पाहिला आहे. टीव्हीवरचा क्रमांक पुसण्यासाठी कक्षाने स्वतःचा माणूस पाठवावा, किंवा सासूबाईंना पुसू द्यावा. त्यांनी रॉकेल आणि चिंधी काढूनच ठेवली आहे. आणि निर्णय होईपर्यंत सोमवारची गाडी पाठवू नये. आलीच, तर वामनरावांना सोबत पाठवावे, म्हणजे सासूबाईंशी बोलायला कोणीतरी ओळखीचे असेल.

सोमवारच्या आत आपल्या दोन ओळींची वाट पाहणारी,
आपली नम्र,

(सही)
सौ. प्रेरणा शिवम टेकाळे
दि. ९ मे २०१८

सोबत जोडले आहे :
बोर्डाचे देयक ('पाय' या शब्दाखाली रेघ मारून).
साबणाच्या डबीचा फोटो, अंदाज यावा म्हणून शेजारी बिस्किट ठेवून.
बद्रुद्दीनभाईंचा दाखला. मजकूर : "ह्या टीव्हीचं पोट मी तीनदा उघडलं हाय. अंदर कुठंच संगणक नाही. बहेनचं म्हणणं सही हाय."

ता. क. : पाकिटात घालण्यापूर्वी अर्ज घरात मोठ्याने वाचून दाखवला. सासूबाई स्वयंपाकघरातून ऐकत होत्या. 'बकरीचा कान' नीट लिहिले का, एवढे त्यांनी भिंतीकडे तोंड करून विचारले. सासरे बाजेवर पडून होते. यंदा कापूस लावायचा की नाही, यावर त्यांचे अजून काही ठरलेले नाही. मैथिली सगळा वेळ माझ्या गुडघ्याला टेकून बसली होती. वाचून झाले तेव्हा तिने टीव्हीकडे पाहिले, आजोबांकडे पाहिले, आणि मला विचारले,

"आई, टीव्ही सरकारचा झाला. मंग त्याच्यातली अळी कोनाची?"