आज जीप शाळेला जाणार न्हाई

नंदे,

तू गोठ्यात हायस तवर निघतो. तोंडावर सांगवत न्हाई, म्हणून लिहून ठेवलं. आज जीप शिनोलीच्या शाळेला जाणार न्हाई. पोरांच्या घरी तेवढा फोन कर.

मी रोज घेतो ती गोळी पित्ताची न्हाई. सारखी लघवीला लागते म्हणून डॉक्टरांनी दिलीय, दिवसाला एक. पण एक घेऊन पण आपल्या आहुप्यापासून खाली शाळेला जाईस्तवर दोन-तीनदा जीप थांबवायला लागायची आणि पोरं मागं हसायची. म्हणून आठ दिवस झालं, कुणाला न विचारता मी दोन-दोन गोळ्या घेतोय. थांबायचं बंद झालं, पण तोंडाला लई कोरड पडली, आणि काल घाटात वळणावरचा कठडाच मला धूसर दिसला. कचकन ब्रेक दाबला. आपली समृद्धी म्हणली, "पप्पा, काय झालं?" मी म्हणलं, "कुत्रं आडवं आलं." कुत्रं-बित्रं काय नव्हतं.

मगाशी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "आज गोळी घेऊ नका, गाडीला हात लावू नका. घरातल्या सगळ्या गोळ्या घेऊन या." एसटीनं चाललोय. गोळी घ्यावी तर दिसत न्हाई, न घ्यावी तर दर वळणाला थांबायचं. जीप सोडून मला दुसरं काय येतं?

किल्ली शेजारच्या संपतभाऊकडं दिलीय. मी मागितली तरी देऊ नको म्हणून सांगितलंय. घरात असती, तर आज पण मी गाडी काढली असती.

गोरख