गोवरच्या फ्लेक्सवर माझा फोटो

४ जानेवारी
तेल्हाऱ्याजवळच्या वीटभट्टीवर मेळघाटातले कोरकू मजूर आले आहेत. पोरांमध्ये गोवर पसरून राहिला. लसीचा निरोप त्यांच्यापर्यंत नेणं आणि तो पोहोचला का हे तपासणं, दोन्ही कामं संस्थेनं मलेच दिली. योग्य माणूस निवडला. यावरच माझं कॉन्ट्रॅक्ट वाढणार. संकल्प: रोज भट्टीवर जायचं.

६ जानेवारी
गेलो नाही. अमरावतीहून तेल्हारा काय जवळ आहे? त्यापेक्षा भट्टीवर फ्लेक्स लावलेला बरा. त्यायले मराठी वाचता येत नाही, असं आमच्या ऑफिसातली प्रणाली म्हणाली. नवीन आहे बिचारी. वाचता येत नाही म्हणूनच तर मधोमध माझा हात जोडलेला फोटो टाकला. माणूस चेहऱ्यावर विश्वास ठेवतो. खाली 'विनीत: नितेशभाऊ'. लसीची तारीख कोपऱ्यात कशीबशी बसवली.

११ जानेवारी, दुपार
भट्टीवर जाऊन आलो. काय तो मान. लांबूनच ओळखलं, बाज टाकली, चहा दिला. लस घ्याल ना, विचारलं. सगळे हाव म्हणाले. एका म्हाताऱ्यानं हँडपंप मागितला. बघू म्हणालो. जमुना नावाची बाई म्हणे, आमचं वोट तर गावाकडं आहे साहेब. विषय काहून निघाला, समजलं नाही.
रिपोर्ट आजच लिहून टाकला. मेसेज घराघरात पोहोचला.

१६ जानेवारी
लसीचा कॅम्प. नर्स बसली, मी बसलो, एक कुत्रं बसलं. बाकी कोणी नाही. चहा पाजून दगा देणारे लोक पहिल्यांदाच पाहिले.

१८ जानेवारी
प्रणाली माझ्या पाठीमागं भट्टीवर जाऊन आली आणि संस्थेच्या साहेबांसमोर बोलली. फ्लेक्स सगळ्यायले आठवतो, लसीचं एकालेही माहीत नाही. मी निवडणुकीत उभा आहे असं समजले म्हणे. अस्तनीतला निखारा निघाली पोरगी.
घरी सांगितलं तर रागिणी हसून राहिली. फोटो पाहून तिलेही तेच वाटलं होतं. मग बोलली काहून नाही? तुम्ही विचारलं कुठं, म्हणे. बायकोच अशी, तर परक्यायचं काय घ्या.

२३ जानेवारी
कॉन्ट्रॅक्ट गेलं.
जमुनाची पोरगी गोवरनं अकोल्याच्या दवाखान्यात आहे, असं कळलं. झापायलेच गेलो. हाव म्हणून कॅम्पले काहून नाही आली, हे विचारायचंच होतं. पोरगी डोळे मिटून धापा टाकत होती. मी तोंड उघडायच्या आत जमुनानं सरकून बाकावर जागा दिली. निवडून आले का साहेब, विचारलं.
नाही म्हणालो.
ती म्हणे, मनाले लावून घेऊ नका. लोक तोंडावर हाव म्हणतात.