वाघाची पाठ

शनिवार, १३ डिसेंबर. ताडोबा, संध्याकाळ.

वाघ दिसला. म्हणजे पाठ दिसली. पण लिहायचंय ते आईबद्दल.

बाबा जाऊन वर्ष झालं. या वर्षात आईने त्यांचा विषय एकदाही काढला नाही, आणि भीतीने आम्हीही नाही. तिचं मन रमावं म्हणून मळवलीहून इतक्या लांब गाडीत घालून आणलं, तर दोन दिवस नुसती खिडकीबाहेर बघत बसली. आज पहाटे जिप्सीत चढताना मात्र तिने पिशवीतून बाबांची माकडटोपी काढून घातली. मी नुसता हात देऊन तिला वर घेतलं. बोलायला हवं होतं का?

बराच वेळ वाघाचा पत्ता नव्हता. 'व्याघ्र' म्हणजे विशेष वास घेणारा, असं मी मुलांना समजावू लागलो. बायको म्हणाली, "मग तुमच्या व्याख्यानाचा वास लागला असणार त्याला."

तेवढ्यात वळणावर तो दिसला. भर रस्त्यात, आमच्याकडे पाठ करून बसलेला. सगळ्या गाड्या श्वास रोखून उभ्या, आणि हा ढिम्म. माकडटोपीतून आवाज आला, "अगदी तुज्या बापावानी! पावणं दारात ताटकळत्यात, अन् ह्ये आपलं पाठ करून बसल्यात!"

आधी बायको हसली, मग मी. आई तर इतकी हसली की टोपीनेच डोळे पुसले.

वाघ उठून गेला. बाबांबद्दलच्या तिच्या तक्रारी मात्र जेवण झालं तरी संपेनात. टोपी अजून डोक्यावरच आहे.

उद्या परतायचं. मळवली इतकी लांब आहे, याचं आज पहिल्यांदाच बरं वाटतंय.